ढगातल्या जंगलाची सहल: मोंतेवेर्दे, इक्वेडोर की आपलं ईशान्य?

मनाली_कावेसर

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी एक मोठा प्रवास करायचा बेत आहे. उष्ण कटिबंधातलं, डोंगरावरचं, सतत ढगात असणारं जंगल बघायचंय. दोन ठिकाणं डोक्यात आहेत. एक कोस्टारिकातलं मोंतेवेर्दे. दुसरं इक्वेडोर, तिथल्या अँडीजचा पश्चिम उतार: मिंदोच्या आसपासची जंगलं आणि जमलंच तर आणखी आतलं लॉस सेद्रोस राखीव जंगल. लॉस सेद्रोसला गाडीरस्ता संपला की पुढे पायी किंवा खेचरावरून जावं लागतं. माझा ओढा खरं तर तिकडेच आहे. ताडोबात एका वाघामागे जिप्सींची रांग लागलेली बघितल्यापासून गर्दीच्या जंगलात मन रमत नाही.

आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि माझे बाबा. बाबा ६८ वर्षांचे. पक्ष्यांचं वेड मला त्यांच्यामुळेच लागलं, अजूनही रविवारी पहाटे ऐरोलीच्या खाडीवर दुर्बीण घेऊन उभे असतात. गुडघे कुरकुरतात, चढ निभतो पण उतार नको म्हणतात. शाळेमुळे मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी, एवढेच पर्याय. अमेरिकेचा व्हिसा कुणाकडेच नाही.

कुठे जावं, कधी जावं, आणि बाबांना घेऊन लॉस सेद्रोसचा विचार तरी करावा का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

बटाटावडा

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

इक्वेडोरबद्दल मला एकच गोष्ट खात्रीने ठाऊक आहे. तिथे यापिंगाचो नावाच्या बटाट्याच्या टिक्क्या मिळतात, आत चीज, वर शेंगदाण्याचा सॉस. माझं मत इक्वेडोरला.

येऊरवाला

मोंतेवेर्देला जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

आधी चांगलं. समुद्राकडून येणारे व्यापारी वारे तिलारानच्या डोंगररांगेवर चढतात, थंड होतात आणि वरच्या जंगलात ढग होऊन अडकतात. पाऊस पडत नसतानाही झाडांखाली टपटप चालू असते. सुरुवातीला कळतच नाही पाणी येतं कुठून. मग एखादी फांदी जवळून बघायची. मूळ फांदी मनगटाएवढी, पण तिच्यावर शेवाळ, नेचे, ऑर्किड आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलिया यांचा थर चढून ती मांडीएवढी झालेली असते. शेवाळाला बोट लावलं की भिजवलेल्या गोधडीसारखं पाणी सुटतं. ढगातलं बाष्प या थरावर जमतं आणि थेंबाथेंबाने खाली उतरतं. डोंगराखालच्या ओढ्यांना कोरड्या महिन्यांतही पाणी राहतं, त्यात या टपटपीचा मोठा वाटा आहे.

जागेचा इतिहासही ऐकण्यासारखा. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढलं. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देणारी अमेरिकेतल्या अलाबामाची काही क्वेकर कुटुंबं हे ऐकून १९५१ मध्ये इथे आली. दुधाचा आणि चीजचा धंदा केला, आणि पाणी टिकावं म्हणून वरचं जंगल न तोडता ठेवलं. पुढे १९७२ मध्ये राखीव जंगल झालं. शेजारीच बॉस्के एतेर्नो दे लोस निन्योस आहे, म्हणजे मुलांचं चिरंतन जंगल. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवायला सुरुवात केली, मग इतर देशांतली मुलंही सामील झाली. आज ते कोस्टारिकातलं सर्वांत मोठं खासगी राखीव क्षेत्र आहे. तुमच्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

आता दुसरी बाजू. मोंतेवेर्दे आता दुर्गम राहिलेलं नाही. झुलते पूल, झिपलाइन, कॅफे, सगळं आहे. राखीव जंगलात पहाटे शिरलात तर शांतता मिळते, नऊनंतर पायवाटेवर गट येऊ लागतात. बाबांसाठी ते सोयीचं, तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

क्वेट्झल पक्षी दिसण्याचे सगळ्यात चांगले महिने मार्च ते मे. नराची शेपटी अंगापेक्षाही लांब. रानटी अॅव्होकाडोची छोटी फळं तो अख्खी गिळतो आणि बी नंतर तोंडातून टाकून देतो. त्या झाडाखाली गप्प उभं राहायचं, बस्स. मे महिन्यात तिकडे पावसाळा सुरू होतो, पण सकाळी बऱ्यापैकी उघडीप असते.

रानवाट

येऊरवाला, सुंदर प्रतिसाद. मोंतेवेर्देचं नाव निघालं की मला सोनेरी भेक आठवतो. त्या एका डोंगरमाथ्यावरच्या छोट्याशा पट्ट्यात राहायचा, जगात इतरत्र कुठेच नाही. जे सॅव्हेज या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. एरवी तो जमिनीखाली, मुळांत असायचा आणि वर्षातले थोडेच दिवस डबक्यांवर यायचा. नर संपूर्ण केशरी. १९८७ मध्ये हजाराच्या वर मोजले गेले. १९८८ मध्ये जेमतेम दहा. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर कुणीही नाही. २००४ मध्ये नामशेष म्हणून नोंद झाली. एल निन्योच्या कोरड्या वर्षात डबकी आटली, आणि बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशीही त्यात होती, असं अभ्यासक सांगतात.

राखीव जंगल होतं, कुंपण होतं, रखवालदार होते, तरीही गेला. ढगांचीच उंची बदलली तर कुंपण काय करणार? म्हणून मनालीताई, जायचं असेल तर लवकर जा.

तांबट

इक्वेडोर. निःसंशय इक्वेडोर.

देश महाराष्ट्रापेक्षाही लहान आणि पक्ष्यांच्या जाती सोळाशेच्या वर. हमिंगबर्डच सव्वाशेच्या पुढे. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, आपले शिंजीर फुलापाशी बहुतेक वेळा बसून मध पितात. तिथे बूटेड रॅकेटटेल नावाचा एवढासा पक्षी तुमच्या कानाजवळून जातो तेव्हा आधी गुणगुण ऐकू येते आणि मग पायांतले पांढरे मोजे दिसतात. काकांना लॉजच्या व्हरांड्यात खुर्ची द्या, चहा द्या, दुपारपर्यंत ते उठणार नाहीत.

मिंदो साधारण सव्वाबाराशे मीटरवर आहे, राजधानी कीटोहून दोन-अडीच तास. त्याच्यावर बेय्याविस्ता, दोन हजाराच्या आसपास. आणखी वर यानाकोचा, तीन हजाराच्याही वर. तिथे स्वोर्डबिल्ड हमिंगबर्ड दिसतो. शेपटी सोडली तर अंगापेक्षा चोच लांब असलेला जगातला एकमेव पक्षी. बसला की चोच आभाळाकडे धरून बसतो, नाहीतर तोल जाईल. उंची बदलली की पक्षी बदलतात. एकाच उतारावर वर-खाली केलंत तर वेगवेगळ्या जंगलांत गेल्यासारखं होतं आणि गाडीतून फार फिरावंही लागत नाही.

पहाटे कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याचे नर ठरलेल्या झाडांवर जमून आरडाओरडा करत नाचतात. लालभडक अंग, काळे पंख, डोक्यावर गोल तुरा, त्यात चोच जवळजवळ बुडालेली. त्यासाठी अंधारात निघावं लागतं. थोडी चिखलाची पायवाट आहे, काकांना काठी द्या.

आणि आन्खेल पास यांची जागा चुकवू नका. हा माणूस पूर्वी झाडं तोडायचा, शेती करायचा. आपल्या जमिनीवर कॉक-ऑफ-द-रॉक नाचतात हे कळल्यावर लोकांना दाखवायला पायवाट काढली. खणलेल्या मातीतली गांडुळं खायला जायंट अँटपिटा यायला लागला. हा पक्षी इतका लाजरा की पूर्वी नुसता आवाज ऐकून लोक समाधान मानायचे. यांनी त्या मादीचं नाव मारिया ठेवलं, रोज गांडुळं दिली, हाक मारली की ती यायला लागली. आज त्या कुटुंबाचं पोट जंगल राखण्यावर चालतं.

रानवाट

तांबट, आदर ठेवून असहमत. गांडुळं टाकून बोलावलेला पक्षी बघायचा तर एवढ्या लांब कशाला? साखरपाण्याच्या बाटल्यांवरचे हमिंगबर्ड, केळ्यांवर येणारे प्राणी, हे वन्यजीवन नव्हे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणारे गाइड तर त्याहून वाईट. विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून घरटं सोडून धावतो. ठाण्याच्या येऊर जंगलात हे रोज बघतो, नवरंग पक्ष्याच्या मोसमात जूनमध्ये तर कहर असतो.

तांबट

मोबाइलच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. गाइड ठरवतानाच स्पष्ट सांगायचं, आवाज वाजवायचा नाही.

गांडुळांच्या बाबतीत नाही. त्या डोंगरात पर्याय काय होता ते बघा: लाकूड, गुरं किंवा खाण. एक अँटपिटा दिसतो म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनीही आपापला जंगलाचा तुकडा राखला. पक्षी तिथे दिवसभर बसून राहत नाही, दोन-चार गांडुळं उचलून परत झाडोऱ्यात जातो. मी ते बघितलंय. पानांच्या कचऱ्यातून टुणटुण उड्या मारत येतो, थांबतो, मान वाकडी करून ऐकतो, पुन्हा उडी. तो थांबतो तेव्हा आपला श्वासही थांबतो.

येऊरवाला

दोघांचंही पटतं. मनालीताईंनी मधला मार्ग काढावा: खाद्यावर येणारे पक्षी एक दिवस, बाकीचे दिवस नुसतं जंगल.

खाडीकाठचा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, राग नसावा. मिंदोपर्यंत पोचायला दोन खंड ओलांडायचे. आपलं ईगलनेस्ट बघितलंय का? अरुणाचलचा पश्चिम कामेंग जिल्हा. गुवाहाटीपर्यंत विमान, पुढे गाडी. लामा कॅम्प २३०० मीटरच्या वर, तिथून खिंड ओलांडून खाली बोंपू कॅम्प. शेवाळ, ऑर्किड, धुकं, सगळं तेच. वर हत्तीसुद्धा चढतात, तीन हजार मीटरच्या पुढे त्यांची लीद सापडते.

आणि आपल्या मराठी मुलखाशी नातं असलेला शोध तिथेच लागला आहे. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी १९९५ मध्ये तिथे एक अनोळखी पक्षी बघितला, २००५ मध्ये तो पुन्हा सापडला आणि २००६ मध्ये बुगुन लिओसिचला म्हणून जगासमोर आला. त्यासाठी एकही पक्षी मारला नाही. संख्या एवढी कमी होती की पिसं, फोटो आणि आवाजावर भागवलं. तिथल्या बुगुन जमातीच्या लोकांनी २०१७ मध्ये आपल्या जमिनीवरचं १७ चौरस किलोमीटरचं जंगल राखीव करून दिलं. असा पक्षी आपल्या देशात असताना इक्वेडोर कशाला?

कोपरखैरणेकर

+१. फक्त एक भर. ईगलनेस्ट २७ अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बाहेर. ताईंना उष्ण कटिबंधातलंच ढगाळ जंगल हवं असेल तर आपल्याकडे केरळ-तमिळनाडूतली शोला आहेत. मुन्नारजवळचं एराविकुलम बघा. २६९५ मीटरचा आनामुडी तिथेच आहे. दऱ्यांच्या पोटात बुटक्या झाडांचं दाट शोला, मधे गवताळ टेकड्या, त्यावर निलगिरी ताहर, म्हणजे रानबकरे. विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान बंद असतं, मे आणि दिवाळी दोन्ही चालतात.

पाऊसवेडी

आणि आंबोलीला विसरू नका! आंबोलीचा भेक, झांथोफ्रिनी टायगेरिना, २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. सड्यावरच्या खडकांत, पहिल्या पावसात नर ओरडायला लागतात. रानवाट यांनी लिहिलेल्या सोनेरी भेकाचा हा आपला भाऊबंदच, तसाच छोट्या पट्ट्यात अडकलेला. आपला अजून आहे. जपायचं तर तिथल्या रस्त्यांवर रात्री गाड्या हळू चालवायला हव्यात, पावसाळ्यात किती चिरडले जातात बघवत नाही.

बटाटावडा

आंबोलीत बाबा म्हादेवगडाच्या कठड्यावर भजी खाऊ शकतात. हा मुद्दा विचारात घ्यावा.

मनाली_कावेसर

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

खाडीकाठचा, राग कसला. आंबोली, मुन्नार दोन्ही पाहिलंय, पुन्हा जाऊच. ईगलनेस्ट यादीत आहे. पण क्वेट्झल आणि हमिंगबर्ड हे बाबांचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. आमच्याकडे जुनं एक मासिक होतं, त्यात क्वेट्झलचं रंगीत चित्र होतं, ते त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. गुडघे साथ देतायत तोवर त्यांना न्यायचंय. ईगलनेस्ट त्यानंतरही होईल.

तांबट, उंचीचा त्रास होतो का? आणि पिवळ्या तापाची लस कुठे, कधी?

डॉ_वाशी

डॉक्टर म्हणून सांगतो, पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. लशीचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतात विमानतळावर अडवतात, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घ्यायची. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. तिथे ठरावीक दिवस आणि मर्यादित डोस असतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. साठीच्या पुढे ही लस देण्याआधी डॉक्टर नीट विचार करतात. बाबांच्या सगळ्या जुन्या फायली घेऊन जा. कोस्टारिका या यादीत नाही, पण इक्वेडोर, पेरू, कोलंबियामधून कोस्टारिकाला जाणार असाल तर तिथेही कार्ड मागतात.

उंचीचं सांगतो. कीटो २८५० मीटरवर आहे. पहिल्याच रात्री तिथे राहण्यापेक्षा विमानतळावरून थेट खाली मिंदोकडे उतरलात तर बाबांना सोपं जाईल. यानाकोचा शेवटी ठेवा, शरीर रुळल्यावर. विषुववृत्तावरचं ऊन ढगातूनही भाजतं, टोपी आणि क्रीम विसरू नका.

गुडघ्यांसाठी आत्तापासून मांडीचे व्यायाम. खारघरच्या टेकडीवर किंवा पारसिकवर काठ्या घेऊन उतरायची सवय करा. काठ्या विमानात हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका. विमा घेताना दुर्गम भागातून बाहेर काढण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या.

नेरूळ_आजोबा

डॉक्टर, माझं वय मनालीच्या बाबांपेक्षा चार वर्षांनी जास्त. गुडघ्यांचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं, मांडी मजबूत असली की उतार निभतो.

मनाली, बाबांना माझा नमस्कार सांग. आमच्या इथल्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो बघायला येत असतील तर एकदा भेटू. त्या तलावासाठी इथल्या लोकांनी किती पत्रं लिहिली, किती सभा घेतल्या, ते मी पाहिलं आहे. म्हणून लॉस सेद्रोसचं नाव वाचून आनंद झाला. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिले आहेत. त्या आधारावर तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये लॉस सेद्रोसमधली खाण थांबवली. तिथे तपकिरी डोक्याचं कोळी माकड आहे, अत्यंत धोक्यातलं. न्यायालयाने माकडं, बेडूक, ऑर्किड, नद्या यांची बाजू ऐकली. आपल्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, तरी आजूबाजूच्या पाणथळींसाठी लोकांना उभं राहावं लागतंच. असल्या बातम्या वाचल्या की बळ येतं.

रानवाट

आजोबा, हे लिहिलंत फार बरं झालं. लॉस सेद्रोस नुसतं बघायला नाही, तिथे पैसे खर्चायला म्हणूनही जावं. असं जंगल पाहुण्यांवर आणि संशोधकांवर टिकतं.

तांबट

पण काकांना घेऊन लॉस सेद्रोस नको, असं माझं प्रामाणिक मत. खेचर असलं तरी पावसात ती पायवाट गुडघाभर चिखल होते, आणि खेचरावरून उतार उतरणं गुडघ्यांना नाही तरी पाठीला चांगलंच जाणवतं. काही झालं तर मदत यायला वेळ लागतो.

काका आणि दोघांपैकी एक जण मिंदोला किंवा बेय्याविस्ताला राहतील, दुसरा मुलीला घेऊन लॉस सेद्रोसला जाईल, असं करता येईल. तिथे आधी कळवून जावं लागतं, मनाला येईल तेव्हा जाऊन धडकण्यासारखी जागा नाही.

कोपरखैरणेकर

दुर्गम म्हणजे चांगलं असं समीकरण कशाला? मला वाटतं, एका जागी किती राहता ते महत्त्वाचं. आपले लोक सहल ठरवतात तेव्हा रोज नवीन हॉटेल, रोज बॅगा भरा. एका टूरवाल्याने आम्हाला असंच पळवलं, जंगलातला बराच वेळ बसमध्ये गेला. तिकडच्या जंगलात वाघासारखं एक काही बघायचं नसतं. ढग येतो, सगळं गप्प. ढग सरकतो, आणि एखाद्या झाडावर वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र झुंडीने येतात, पाच मिनिटांत निघून जातात. त्या पाच मिनिटांसाठी तिथेच असावं लागतं.

येऊरवाला

कोपरखैरणेकरांना पूर्ण अनुमोदन. याचा सराव येऊरलाच करा. पाटोणपाड्याच्या बाजूला एखाद्या उंबराखाली अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच नसतं. मग जवळच असलेला पक्षी हालचाल करतो आणि कळतं की तो आपल्या आधीपासून तिथे होता. आपल्याकडचा कर्णा (मलबार ट्रोगन) बघितलाय ना, आंबोली-गोव्याकडे? तो क्वेट्झलच्याच कुळातला. दोघांची सवय एकच: पाठ करून, न हलता बसायचं. कर्णा शोधता आला तर क्वेट्झलही शोधता येईल.

पाऊसवेडी

अवांतर: दुर्बीण १०x नको, ८x४२ घ्या. त्या जंगलात उजेड कमी असतो, पक्षी जवळ असतात, आणि १०x हातात थरथरते. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागण्याची भीती तिथे खरी आहे. हवाबंद डबा, त्यात भरपूर सिलिका जेल, रात्री लेन्स त्यात. जीन्स नेऊ नका, आठवडाभर वाळत नाही.

बटाटावडा

जळवा किती?

पाऊसवेडी

तिथे आपल्यासारख्या जमिनीवरून चढणाऱ्या जळवा नाहीत. अगुंबे आणि ईगलनेस्टला विचारा. पण साप आहेत, फेर-दे-लान्स मुख्य. म्हणून गमबूट, आणि रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही.

बटाटावडा

जळवा नाहीत म्हणजे मीसुद्धा येऊ शकतो. मनालीताई, एक बॅग उचलणारा हवा असेल तर सांगा.

मनाली_कावेसर

बटाटावडा, बाबा म्हणतायत या, पण पहाटे चारला उठावं लागेल.

मुलीचा एक प्रश्न आहे, तिने लिहायला सांगितलं: "बेडूक दिसतील का? मला पक्ष्यांपेक्षा बेडूक जास्त आवडतात."

तांबट

दिसतील! मिंदोला रात्री गाइडबरोबर ओढ्याकाठी फिरायचं. काचबेडूक दिसतात, ग्लास फ्रॉग. पोटाची कातडी एवढी पारदर्शक की आतले अवयव दिसतात. ओढ्यावरच्या पानांच्या खाली अंडी चिकटवतात, पिल्लं सुटली की थेट पाण्यात पडतात. काही बेडूक झाडांवर ब्रोमेलियाच्या पानांत साठलेल्या पाण्यात वाढतात, म्हणजे डबकं झाडावर! तिला सांगा, फ्लॅश वापरायचा नाही, हात लावायचा नाही. आपल्या हाताला लावलेलं क्रीम त्यांच्या कातडीतून आत जातं.

आणि बेय्याविस्ताला रात्री ओलिंग्विटो येतो, रकूनच्या कुळातला छोटा प्राणी. २०१३ मध्ये ही जात वेगळी असल्याचं जाहीर झालं. त्याआधी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत एक मादी ओलिंगो (त्याच कुळातला दुसरा प्राणी) समजून ठेवली होती, या संग्रहालयातून त्या संग्रहालयात फिरवली, नरांशी तिचं कधी जमलं नाही. जमणार कसं, जातच वेगळी होती.

डॉ_वाशी

ही ओलिंग्विटोची गोष्ट माझ्या नातवाला सांगितली, त्याने ताबडतोब चित्र काढलं.

खाडीकाठचा

मनालीताई, तुमच्या बाबांच्या कपाटातल्या चित्राचं वाचलं आणि माझा ईगलनेस्टचा हट्ट सोडला. पण क्वेट्झलचं स्वप्न असेल तर मोंतेवेर्देच हवं ना? मिंदोला तो नाही.

येऊरवाला

बरोबर मुद्दा. शेपटीवाला रिस्प्लेंडंट क्वेट्झल मध्य अमेरिकेतलाच. इक्वेडोरमध्ये त्याचे भाऊबंद आहेत, गोल्डन-हेडेड क्वेट्झल त्या पश्चिम उतारावरही दिसतो. सुंदर आहे, पण लांब शेपटी नाही.

कोस्टारिकाचं व्हिसाचं असं आहे की अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही. तुमच्याकडे नाही, म्हणजे दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीतून करावा लागेल. वेळ लागतो, पण होतो. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी वकिलातीशी बोलून घ्या. युरोपमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचंही बघा, कुठल्या विमानतळावर लागतो ते देशागणिक वेगळं आहे.

मनाली_कावेसर

घरी बसून ठरवलं. बाबांनाच विचारलं, शेपटी की संख्या? ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "शेपटी."

म्हणून मोंतेवेर्दे, मे महिन्यात. एकाच ठिकाणी मुक्काम, रोज पहाटे जंगलात, नऊपर्यंत परत, दुपारी बाबा व्हरांड्यात. मुलांच्या जंगलातही एक रात्र, तिथेच मुलीचे बेडूक. आवाज वाजवणारा गाइड नको, हे पहिल्याच मेलमध्ये लिहिणार. इक्वेडोर आणि लॉस सेद्रोस मुलगी दहावी झाली की, तेव्हा मी आणि ती दोघीच.

दिल्लीच्या वकिलातीला मेल टाकलाय. रविवारपासून बाबा पारसिकवर काठ्या घेऊन उतरायला लागणार. नेरूळ_आजोबा, ते तुम्हाला बरोबर घ्यायचं म्हणतायत. सकाळी सहाला चालेल का?

नेरूळ_आजोबा

साडेपाच म्हण. सहाला ऊन चढतं. माझ्याकडे जास्तीची काठी आहे.

पाऊसवेडी

मनालीताई, गमबूट इथून नेऊ नका, वजन फुकट वाढतं. तिथे भाड्याने मिळतात. मोठ्या मापाचे पाय असतील तर मात्र आधी विचारून ठेवा.